तिसऱ्या सिंकचं औषध

हाशिम होडेकरने कागदाची चिंचोळी पट्टी तिसऱ्या सिंकच्या पाण्यात बुडवली, बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. पट्टी गडद हिरवी व्हायला हवी होती. ती झाली पिवळट, कावीळ झाल्यासारखी.

“आज पन नाय?” मागून यमुनाबाईंनी विचारलं. त्यांच्या हातात नाश्त्याच्या बश्यांची चळत होती आणि चेहऱ्यावर शेजारच्या घरातल्या आजाऱ्याची चौकशी करताना असते तसली काळजी.

“आज पन नाय,” हाशिम म्हणाला आणि पट्टी त्याने खिशात टाकली. कचऱ्याच्या डब्यात टाकली असती तर कुणाच्या तरी नजरेला पडली असती.

“नजर लागली हो तुमच्या मशीनला. मीठमोहऱ्या ओवाळून टाकू काय?”

हाशिम हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. पट्टी हिरवी झाली नाही तर काय होणार आहे हे त्याला ठाऊक होतं आणि यमुनाबाईंना नव्हतं.

रत्नागिरीतलं हॉटेल निळाई समुद्राकडे तोंड करून उभं आहे. गिऱ्हाइकाला खोलीतून समुद्र दिसतो, जेवताना समुद्र दिसतो, त्याचेच पैसे. भांडी धुण्याची खोली मात्र मागच्या अंगाला, जिथल्या खिडकीतून नुसता कापलेल्या जांभ्याचा लाल कडा दिसतो. तिथे ओळीने तीन सिंक आहेत. पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं पाणी आणि तिसऱ्यात औषधाचं. डब्यावर त्याचं नाव सॅनिटायझर असलं तरी हॉटेलात सगळे त्याला औषधच म्हणतात. भांडं पहिल्यात घासायचं, दुसऱ्यात खळबळायचं, तिसऱ्यात बुडवून मनात आकडे मोजायचे आणि मग जाळीवर आपोआप वाळू द्यायचं. फडक्याने पुसायचं नाही. फडक्याने पुसलं की तिन्ही सिंकांची मेहनत पाण्यात.

औषध पाण्यात किती मिसळायचं हे ठरवायला तिसऱ्या सिंकच्या वर भिंतीत एक पेटी बसवलेली होती. तिला ना वीज लागत, ना बॅटरी. बटण दाबलं की नळाचं पाणी आतल्या एका अरुंद गळ्यातून जोरात धावायचं, आणि त्या धावण्याच्या ओढीने खाली ठेवलेल्या कॅनमधलं औषध बारीक नळीतून वर खेचलं जायचं. जेवढं पाणी, तेवढ्याच मापात औषध. इतकं गरीब यंत्र, की ते बिघडेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

पण पट्टी पिवळी येत होती. रोज नाही, हेच तर दुखणं. कधी चार दिवस सलग झकास हिरवी, मग हळूहळू फिकट, मग पिवळी, आणि मग अचानक पुन्हा हिरवी. मुंबईहून झालेल्या मागच्या दोन्ही तपासण्यांना नेमकी पिवळी निघाली. सोमवारी हॉटेलचा मॅनेजर शार्दूल हाशिमला बाजूला घेऊन म्हणाला, “चाचा, वरच्या ऑफिसचं म्हणणं आहे की मशीन नवीन आहे, तेव्हा दोष हाताचा. भांडी धुणारी बाई बदला आणि कंत्राटाची माणसं घ्या, म्हणतात. मी कसंबसं थोपवलंय. मी सांगितलं, मशीनच बिघडलंय. शनिवारी मुंबईहून वेदिका मॅडम स्वतः बघायला येतायत. तोवर मला मशीनचा दोष काढून द्या, म्हणजे यमुनामावशी वाचतील.”

शार्दूल पोरगा वाईट नव्हता. पण वरच्यांना ‘नाही’ म्हणायची ताकद त्याच्या पगारात बसत नव्हती, आणि तसं तो कबूलही करायचा.

हाशिमने आयुष्यात पुष्कळ यंत्रं दुरुस्त केली होती. यंत्रात काहीतरी मोडलेलं निघू दे, अशी दुआ मात्र त्याने पहिल्यांदाच मागितली.

हाशिम राजिवड्याचा. आडनाव होडेकर, बाप आणि आजा खाडीतून थेट समुद्रात जाणारे, आणि ह्या पठ्ठ्याला होडीत पाय ठेवला की उलट्या. बापाने लिंबू चोखवलं, आल्याचा तुकडा दाढेखाली ठेवायला लावला, दर्ग्यावर नेऊन आणलं. उलट्या काही थांबल्या नाहीत. शेवटी घराण्याची अब्रू झाकावी म्हणून त्याला आखातात धाडलं. कुवेतच्या एका बड्या हॉटेलात तो भांडी घासायला लागला आणि समुद्राला भ्यालेल्या ह्या माणसाने उभी जवानी कोपरापर्यंत पाण्यात घातली. साहेब लोकांची भाषा आली नाही, पण साहेबांच्या यंत्रांची आली. वायसर कधी झिजतो, गाळणी कधी तुंबते, नळीत हवा कुठून शिरते, हे त्याला नुसत्या आवाजावरून समजायचं.

आणखीही एक गोष्ट तो तिथे शिकला होता, आणि ती त्याला कुणी शिकवलेली नव्हती. दोष यंत्राचा निघाला की पार्ट बदलतात, माणसाचा निघाला की माणूस बदलतात, आणि दोन्ही कामं सारख्याच सहजपणे करतात. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा एक नेपाळी पोरगा असाच एका सकाळी बदलला गेला होता. त्याची चप्पल कितीतरी दिवस खाटेखाली पडून राहिली.

गुडघे बोलायला लागले तसा हाशिम परत आला. मैमुनाने म्हटलं, आता घरात बसा. पण घरात बसून तो घरातले नळ उघडायला लागला, तेव्हा तिनेच त्याला निळाईत नोकरी धरायला लावली. भांड्यांच्या खोलीचा तो मुकादम झाला, म्हणजे त्याच्या हाताखाली यमुनाबाई पाष्टे आणि तीन सिंक.

यमुनाबाई पालीच्या बाजूच्या वाडीतून एसटीने यायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरगी लग्न होऊन सावर्ड्याला. त्याआधीचं सगळं आयुष्य काजूच्या कारखान्यात. काजूच्या टरफलाचं तेल बोटांना लागून लागून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच जळून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं मशीन त्यांचा अंगठा घेत नसे, बँकेतलं घेत नसे. निळाईत पहिल्या दिवशी हजेरीच्या मशीनवर त्यांनी अंगठा ठेवला तर मशीन लालच. त्यांनी सांडशीने धरावा तसा दुसऱ्या हाताने तो अंगठा दाबून धरला, तरी लालच. “मी हाय वो इथं, मी दिसतंय ना तुमाला?” असं त्या मशीनलाच म्हणाल्या आणि सगळे हसले. मग शार्दूलने त्यांची हजेरी वहीत मांडली आणि त्यांच्यासाठीही नावाचा बिल्ला करून घेतला. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरात ‘यमुना पाष्टे’. बाकीची माणसं कामावरून सुटली की बिल्ला खिशात टाकायची. यमुनाबाई तो छातीवर तसाच ठेवून एसटीत बसायच्या. कंडक्टर त्यांना नावाने हाक मारायला लागला, ह्याचं त्यांना केवढं अप्रूप.

हाशिमने तीन सिंकांचं काम दाखवलं ते त्यांनी एका दिवसात उचललं. आकडे मोजताना त्यांचे ओठ हलायचे. शेफ वरून कितीही ओरडला तरी आकडे पुरे झाल्याशिवाय भांडं बाहेर येत नसे. रोज्याच्या महिन्यात दुपारी हाशिमचे पाय लटपटले की जड पातेली त्या न बोलता आपल्याकडे ओढून घ्यायच्या. त्या आमसुलं आणायच्या, हाशिम सुकट आणायचा. वयाने त्या थोड्या मोठ्या. हाशिमला सख्खी बहीण नव्हती, आणि असती तर अशीच हवी होती, असं तो मैमुनाला एकदा म्हणाला होता.

तर ह्या बाईसाठी त्याला यंत्रात दोष शोधायचा होता.

मंगळवारी त्याने पेटी उघडली. पाणी येतं तिथल्या जाळीत लाल गाळ साठलेला होता. आमच्या जांभ्याची माती, ती कुठे नाही शिरत! हाशिमला इतका आनंद झाला की त्याने यमुनाबाईंना हाक मारून तो गाळ दाखवला. “हा बघा चोर. पान्याचा जोर कमी, म्हनून औषधाची ओढ कमी.” जाळी धुतली, परत बसवली. औषधाचा कॅन रिकामा झाला होता, म्हणून यमुनाबाईंनी तोही कोठीतल्या मोठ्या पिंपातून भरून आणला. पट्टी बुडवली तर गडद हिरवी. दोघांनी जाळीपाशी उभ्या उभ्या चहा घेतला. हाशिमने शार्दूलला सांगितलं, सापडलं म्हणून.

पण त्याच संध्याकाळी लग्नाची मोठी पंगत होती, भांड्यांचा डोंगर, सिंक कितीदा तरी रिकामं करून भरलं गेलं. बुधवारी सकाळी पट्टी फिकट, दुपारी पिवळी.

हाशिमच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने नळी काढली, दिव्यासमोर धरून चीर शोधली. चीर नव्हती. नळीच्या टोकाची गाळणी तपासली, स्वच्छ होती. औषध उलटं खाली जाऊ नये म्हणून जो छोटा पडदा असतो तो फुंकून बघितला. एकीकडून फुंक जात होती, दुसरीकडून अडत होती, म्हणजे तोही ठणठणीत. तो अरुंद गळा काढून रात्रभर व्हिनेगरात भिजत ठेवला. सकाळी बघितलं तर आत कणभर क्षार नव्हता. कॅन उचलून हलवून पाहिला, कमरेपर्यंत भरलेला. म्हणजे औषधही होतं. ते दिसायला पाण्यासारखंच, त्यामुळे त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघायचं काही कारण नव्हतं.

एरवी एखादा भाग नीट निघाला की कारागिराला बरं वाटतं. इथे उलटंच चाललं होतं. नळी चांगली निघाली की हाशिम ती पुन्हा दिव्यासमोर धरायचा, पडदा चांगला निघाला की पुन्हा फुंकायचा. यंत्राचा एकेक अवयव निर्दोष ठरत होता आणि त्या प्रमाणात यमुनाबाई गुन्हेगार ठरत होत्या. त्या बिचाऱ्या शेजारी उभ्या राहून बॅटरी धरत होत्या. “वायच हिकडं उजेड धरू काय?” असं विचारत होत्या.

यंत्र बसवणाऱ्या माणसाला फोन लावला. तो पुण्यात. म्हणाला, व्हिडिओ दाखवा. दाखवला. म्हणाला, सगळं ओके आहे, मिक्सिंग परफेक्ट आहे. हाशिमने विचारलं, “मग पट्टी पिवळी का?” तो म्हणाला, “ते आता तुमच्या साइटचा इश्यू आहे, सर.” ‘सर’ म्हटल्यामुळे हाशिम अधिकच हताश झाला.

शेवटचा उपाय म्हणून त्याने वरच्या बंद पडलेल्या बारमधली तसलीच पेटी काढून आणली. तिचा न वापरलेला कोरा करकरीत गळा इथे बसवला. पट्टी पिवळी. मग इथला गळा तिथे लावून स्वच्छ पाणी ओढून बघितलं. मापाला मापात ओढत होता. हाशिम पालथ्या बादलीवर बसला. हात टेकले त्याने. मशीन निरोगी होतं, त्याच्याहून निरोगी.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत तो घरी जेवायला गेला. मैमुनाचं बांगड्याचं कालवण चुलीवर चढत होतं. ओल्या खोबऱ्याचं वाटण तिने टोपात काढलं, मिक्सरच्या भांड्याला आत जे लागून राहिलं होतं त्यावर पाणी ओतलं, झाकण लावून भांडं खळखळ हलवलं आणि ते पांढुरकं पाणी कालवणात घातलं. लग्नापासून हाशिम हे बघत आला होता. त्याची आई हेच करायची. आमच्याकडे दुधाचं पातेलं कधी तसंच घासायला पडत नाही, तेलाची बाटली पालथी ठेवल्याशिवाय कुणी टाकत नाही, आणि वाटणाचं भांडं न विसळता ठेवणाऱ्या सुनेबद्दल शेजारणी चार दिवस बोलतात.

कालवणाला उकळी आली, मैमुनाने वाढलं, आणि दुसऱ्याच घासाला हाशिमचा हात ताटातच थांबला.

“काय झालां? खारट झालां काय?” मैमुनाने विचारलं.

“नाय,” तो म्हणाला. “बरोबर झालाय.” आणि जेवण टाकून उठला. मैमुना मागून ओरडत राहिली की बांगडा कोण खाणार, मांजर?

तो निळाईत पोचला तेव्हा यमुनाबाई तिसऱ्या सिंकखाली वाकलेल्या होत्या. हाशिमने आवाज होईल तितका साधा ठेवला. “यमुनाबाय, औषधाचा कॅन संपत आला की तुमी काय करता?”

“काय म्हंजे? विसळतंय.”

“म्हंजे कसं?”

त्यांना वाटलं हाशिमभायला शिकायचं आहे. त्यांनी पदर खोचला आणि करून दाखवलं. कॅनच्या तळाशी दोन बोटं औषध उरलं होतं. तेवढं उरलं की नळीचं टोक वर राहतं, मग ओढत नाही. यमुनाबाईंनी कॅन नळाखाली धरला, कमरेपर्यंत पाण्याने भरला, झाकण लावून दोन्ही हातांनी हलवला आणि परत नळीखाली ठेवला.

“असां केला की आनखी दोन दिस जातां,” त्या म्हणाल्या. “एवढां महागाचां औषद, तळातलां टाकून देऊ काय? बाकीच्या बायका देतील टाकून. आपल्याच्यानं नाय होत.” आणि मग, जराशा लाजून, “गेल्या मयन्यात साहेब सगळ्यांसमोर काय बोल्ला? म्हनला, आपल्याकडं औषद सगळ्यात कमी लागतां. टाळ्या वाजवल्यान. मी काय बोल्ले नाय, पन मनात म्हटलां, ते माझ्यामुळं हाय.”

हाशिमला रागावायला जागाच नव्हती. पाणी मिसळायचं काम यंत्राचं, आणि यंत्राला आधीच पाणी पाजलेलं औषध मिळत होतं. कॅन भरला की चार दिवस हिरवे, विसळला की पिवळे. इतकं सरळ. तीन दिवस त्याने यंत्राची आतडी बाहेर काढली आणि आजार होता तो त्याच्या स्वतःच्या घरातल्या कालवणात. शिकवताना त्याने सगळं सांगितलं होतं. कॅन विसळू नका, हे सांगायचं असतं हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कुवेतमध्ये कुणी विसळत नसे. तिथे उरलेलं ओतून द्यायचे, औषधही आणि अन्नही.

त्याने समजावलं. मूठभर तांदळात हंडाभर पाणी घातलं तर पेज होते, भात होत नाही, असं सांगितल्यावर यमुनाबाईंच्या डोक्यात उजेड पडला आणि चेहरा एकदम उतरला. “म्हंजे इतके दिस भांडी तशीच गेली? लोकांची ताटां?” त्यांनी कपाळाला हात लावला. “मना सांगायचात ना वो कुनीतरी.”

“मी सांगायला पायजे होतां,” हाशिम म्हणाला. “आता नाय ना करनार? मग झालं. संपला विषय.”

त्याने कॅन ओतून दिला, तो ओतताना यमुनाबाईंनी तोंड फिरवलं. पिंपातून नवीन औषध भरलं. पट्टी गडद हिरवी. मग तो सरळ शार्दूलच्या खोलीत गेला आणि म्हणाला, “गळा झिजला होता. बारमधला नवीन बसवलाय.” खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलला. शार्दूलने त्याचा हात हातात घेतला. “वाचवलंत, चाचा.”

आता राहिला होता शनिवार. मॅडम येणार, पट्टी हिरवी निघणार, मॅडम जाणार. फक्त एक गोष्ट राहिली होती. यमुनाबाईंना सांगायला हवं होतं की हे विसळण्याचं मॅडमसमोर बोलू नका. शुक्रवारी नमाजहून आल्यावर हाशिमने दोनदा तोंड उघडलं. आपल्याहून मोठ्या बाईला, जी आकडे पुरे झाल्याशिवाय चमचासुद्धा बाहेर काढत नाही, तिला खोटं बोला म्हणून सांगायचं कसं? त्याची जीभ रेटेना. शेवटी तो इतकंच म्हणाला, “उद्या मॅडम विचारतील तेवढंच सांगा हां. जास्त बोलू नका.”

“मी कशाला जास्त बोलतंय?” यमुनाबाई म्हणाल्या.

वेदिका मॅडम गोड स्वभावाच्या निघाल्या. हाशिमने मनात कुणी कजाग बाई रंगवून ठेवली होती, तर ही हसरी, यमुनाबाईंना ‘ताई’ म्हणणारी. त्यांनी स्वतः पट्टी बुडवली. हिरवी. शार्दूलने सुस्कारा सोडला. हाशिमने मनात अल्लाचा शुक्र अदा केला. मॅडमनी वहीत खूण केली, बिल्ल्याकडे बघून “यमुनाताई” म्हणाल्या आणि सहज, जाता जाता, कौतुकानेच विचारलं, “ताई, कॅन संपत आला की तुम्ही काय करता?”

हा प्रश्न तपासणीत असतोच, हे हाशिमला आठवायला हवं होतं.

“वतून देते आनि नवीन भरते,” यमुनाबाई म्हणाल्या.

“छान!”

इथे थांबल्या असत्या तर. पण मॅडम ‘छान’ म्हणाल्या आणि त्या ‘छान’मधला वाटा आपला नाही, हे त्यांना डाचलं. ज्याचं श्रेय त्याला द्यायला नको? त्यांनी हाशिमकडे बोट केलं. “हे हाशिमभायनी शिकवलान. आदी मी विसळून घालायची, पानी भरून. तेच्यामुळं कागूद पिवळा यायचा. बिचारे तीन दिस मशीन खोलून बसले, जेवले पन नाय. आनि मग तेंनीच शोधून काढलान. लय हुशार मानूस. तेंची बढती करा, मी सांगतंय तुमाला.”

“मॅडम, ते काय आहे,” हाशिम पुढे झाला, “मशीनचा गळापन झिजलेला...”

“एक मिनिट, काका. त्यांना बोलू द्या,” मॅडम अगदी सौम्यपणे म्हणाल्या. “ताई, कधीपासून करत होता असं?”

“पयल्यापास्नं,” यमुनाबाई म्हणाल्या. खोटं कशाला बोलायचं?

मॅडमचं पेन चालू लागलं. शार्दूल जमिनीकडे बघत होता. हाशिम ओल्या फरशीवर उभा होता आणि त्याला त्या वयात, समुद्र न दिसणाऱ्या त्या खोलीत, होडीत बसल्यासारखं ढवळून आलं.

पुढच्या आठवड्यात निर्णय आला. भांड्यांची खोली कंत्राटाच्या माणसांकडे. यमुना पाष्टे यांची गरज नाही. हाशिम होडेकर यांनी मूळ कारण शोधल्याबद्दल कौतुक, नवीन माणसांना शिकवायचं काम त्यांच्याकडे. हाशिम शार्दूलसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, चूक शिकवणाऱ्याची आहे, मी सांगितलंच नव्हतं. शार्दूल म्हणाला, तेच लिहिलंय त्यांनी, म्हणून तर यापुढे तुम्ही शिकवायचं. हाशिम म्हणाला, मग मला काढा. शार्दूल म्हणाला, “चाचा, तुम्हाला काढायला कारण काय दाखवू?” हाशिम म्हणाला, मी तुमच्याशी खोटं बोललो, गळा झिजला नव्हता. “ते मला तेव्हाच कळलं होतं,” शार्दूल म्हणाला. “वर कळवलं नाही. कळवलं तरी मावशी राहणार नाहीत. तुम्हीपण जाल एवढंच.” त्याचेही डोळे भरले होते. पण भरलेल्या डोळ्यांनी कुणाची नोकरी राहत नाही.

यमुनाबाईंना हे सांगायचं कामही हाशिमवरच आलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “लोकांची ताटां होती ना,” त्या म्हणाल्या. “बरोबर हाय तेंचां.” हाशिमला वाटलं, रडा, शिव्या द्या, मला बोल लावा, काहीतरी करा. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्या दिवसाची सगळी भांडी त्यांनी नेहमीसारखी धुतली. सिंक घासले. ऍप्रन घडी करून ठेवला.

मग छातीवरचा बिल्ला काढला. तो परत करायचा होता. त्यांनी तो पहिल्या सिंकमध्ये बुडवून अंगठ्याने चोळला, दुसऱ्यात खळबळला आणि तिसऱ्यात धरला. ओठ हलायला लागले. वरून शेफ कुणाच्या तरी नावाने ओरडत होता. आकडे पुरे झाल्याशिवाय बिल्ला बाहेर आला नाही.

“औषद बरोबर हाय ना आज?” त्यांनी विचारलं.

हाशिमने पट्टी बुडवली. ती गडद हिरवी झाली, पाहिजे होती तशीच.

“बरोबर हाय,” तो म्हणाला.

“मग झालां.” त्यांनी ओला बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला आणि पालीची गाडी चुकेल म्हणून घाईने निघाल्या. एसटीत आज कंडक्टरला नाव वाचायला मिळणार नव्हतं.

शार्दूल बिल्ला न्यायला आला तेव्हा हाशिम तिथेच उभा होता, हात पुढे धरून. बिल्ल्यावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. शार्दूलने खिशातून रुमाल काढला तसा हाशिमने हात मागे घेतला.

“पुसायचा नाय,” तो म्हणाला. “आपोआप वाळू द्यायचा.”